मोकळ्या जागा नीट केल्या

सुर्वेकाका प्रोग्राम मोठ्याने वाचायचे. खुर्चीत बसून नव्हे, उभे राहून, चष्मा कपाळावर ढकलून आणि तर्जनी पडद्यावर टेकवून. कंस आला की "उघडला" म्हणायचे, कंस संपला की "मिटला". रिकामी ओळ आली की तीही वाचल्यासारखे क्षणभर गप्प राहायचे. त्यांच्या पडद्यावर बोटांचे इतके ठसे असायचे की मालकांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "सुर्वे, तुम्ही भजी खाऊन काम करता का हो?" काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पडद्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "नाय शेट. काम करून भजी खातो." आणि पुढची ओळ वाचायला लागले.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही असंच, पाठमोरं आणि पुटपुटताना. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात माझा तो पहिला दिवस. मी सावर्ड्याची. इंजिनियरिंग नुकतंच संपलेलं, आणि पहिला वर्ग मिळालेल्या माणसाला जेवढा माज असतो तेवढा सगळा मी डब्याबरोबर बांधून आणला होता. काकांनी मला चाळीसेक ओळींचं काम दिलं. मी तासाभरात लिहून टाकलं.

"वाच," ते म्हणाले.

"तुम्ही वाचा ना. मीच लिहिलंय."

"म्हणूनच तू वाच. मोठ्यानं वाच."

लाजत लाजत वाचायला लागले आणि बाराव्या ओळीवर माझी चूक मलाच सापडली. मी थांबले. काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "डोळा लबाड असतो गो बाय," ते म्हणाले. "त्याला हवं तेच बघतो. जीभ बिचारी गरीब. लिहिलंय तेवढंच बोलते." त्या दिवशी माज निम्मा उतरला. उरलेला निम्मा उतरायला पुढे सहा वर्षं लागली, आणि तीच गोष्ट मला सांगायची आहे.

दत्ताराम सुर्वे तरुणपणी मालवाहू बोटींवर विजेची कामं बघायचे. जग पाहिलं होतं, पण जगाबद्दल फारसं बोलायचे नाहीत. एकच सांगायचे, "भर समुद्रात दिवा गेला तर दुसरा वायरमन कुठून आणणार? जो हाय तोच शेवटचा." काकूंनी एके वर्षी "आता पुरे" म्हटल्यावर बोट सोडली आणि चाळिशी उलटल्यावर पुस्तकं आणून संगणकाचं काम शिकले. कारखान्यात आले तेव्हा मालकांना सोल्डर करणारा माणूस हवा होता. मिळाला तो प्रोग्राम लिहिणारा. साडेबाराला जेवायचे म्हणजे साडेबाराला. पलीकडे आग लागली असती तरी आधी कुळथाची पिठी संपवून मग बादली शोधली असती.

आमच्या कारखान्यात मासेमारीच्या बोटींसाठी एक डबा बनायचा. नारंगी रंगाचा, नारळाएवढा. बोट कुठे आहे ते तो दाखवायचा आणि त्याच्या बाजूला एक लाल बटण असायचं. इंजिन बंद पडलं, पाणी शिरलं, माणूस पडला, काहीही झालं तरी ते बटण दाबायचं. उपग्रहामार्फत किनाऱ्यावर निरोप जायचा. डब्याचं सगळं शहाणपण आतल्या एका फ्लॅश मेमरीच्या चिपमध्ये साठवलेलं. ती चिप चालवणारा एक कंट्रोलर, आणि त्या कंट्रोलरशी बोलणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. आमची आई सावर्ड्याच्या बाजारात सांगायची, "पोरगी ड्रायव्हरांचं काम बघते," आणि लोकांना वाटायचं मी एसटीत लागले.

तो ड्रायव्हर काकांनी लिहिला होता, एकट्याने. आणि नुसता आमच्यापुरता नव्हे, तर तो लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये घेतला गेला होता. कर्नल म्हणजे संगणकाचा गाभा, जगभरची माणसं मिळून लिहितात तो. त्यांची एक मोठी ईमेल-यादी असते. तिच्यावर आपला बदल पाठवायचा, चारचौघांनी त्याची सालटी काढायची, आपण तो सुधारायचा आणि मग कधीतरी तो आत जायचा. अशा प्रत्येक बदलाला पॅच म्हणतात. पॅचखाली लिहिणाऱ्याची सही असते आणि तिच्याखाली आणखी एक ओळ असते: हे मी वाचलं, तपासलं, मला पटलं, असं दुसऱ्या कोणीतरी नाव घालून जगाला सांगितलेलं. काकांच्या लेखी ही दुसरी ओळ पहिलीपेक्षा मोठी. "लिहिणारा काय, लिहितो आणि चुकतो," ते म्हणायचे. "पण 'वाचलं' म्हणून नाव घातलं की मग तोंड लपवायला जागा नाय."

यादीवरची माणसं त्यांना सरळ दत्ताराम म्हणायची. काकांना त्याची फार मौज वाटायची. "वीस वर्षांची पोरं मला दत्ताराम म्हणतात. आमच्या गावात माझी बायकोसुद्धा नाव घेत नाय."

एका वर्षी मे महिन्यात त्या यादीवर बातमी आली. फ्लॅश मेमरीच्या सगळ्या कंट्रोलरांसाठी कर्नलमध्ये एक सामाईक चौकट तयार झालेली होती. चुका कशा मोजायच्या, चिपमधल्या साठवणीचं एकेक पान कसं वाचायचं, खराब जागा कशा टाळायच्या, हे सगळं एकदाच लिहिलेलं. ड्रायव्हरने फक्त आपल्या कंट्रोलरपुरतं बोलायचं. जे जुने ड्रायव्हर या चौकटीत येणार नाहीत ते काढून टाकले जातील, असं कर्नलचा तो विभाग सांभाळणाऱ्या बाईंनी नम्रपणे पण स्पष्ट लिहिलं होतं.

मालक म्हणाले, "आपलं चालतंय ना? मग हात कशाला लावता?"

"शेट, इतकी वर्षं आपली चूल वेगळी होती," काका म्हणाले. "आता सगळ्यांनी मिळून एक केली हाय. आपण म्हटलं आम्ही वेगळंच शिजवून खातो, तर उद्या पाण्याला पण कोणी विचारणार नाय."

मालकांनी हात झटकले. काका कामाला लागले, आणि मी पहिला धक्का खाल्ला तो तेव्हा. माणूस आपल्या हाताने लिहिलेलं पुसत होता. तीन हजारांहून जास्त ओळी होत्या त्या, त्यांतल्या कित्येक काकूंच्या मोतीबिंदूपासून काकांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंतच्या काळात लिहिलेल्या. चौकटीने आधीच केलेलं काम दिसलं की ते पानंच्या पानं उडवायचे आणि वर मोठ्याने मोजायचे, "दोनशे गेल्या. चारशे गेल्या." मला बघवेना.

"काका, वाईट नाही वाटत?"

"कसलं वाईट? दाढी केली म्हणून कोण रडतो काय?"

जून लागला. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात आणि डबे दुरुस्तीला आमच्याकडे येतात. काकांनी काम छोट्या छोट्या तेवीस पॅचमध्ये कापलं होतं. त्यांचा नियम कडक होता: आधी आहे तसं नव्या घरात हलवायचं, मग सुधारायचं, दोन्ही एकदम कधीच नाही. जुलैच्या मध्यावर सगळं हलवून झालं, आणि काकांनी बोटीवरून आलेला एक जुना डबा चाचणीला लावला.

फ्लॅश मेमरीचं एक दुखणं असतं. साठवलेले बिट, म्हणजे माहितीचे सगळ्यांत लहान कण, काळाने आपोआप उलटतात. एका पानावर आठपर्यंत उलटले तर आमचा कंट्रोलर ते गुपचूप दुरुस्त करतो, आणि किती दुरुस्त केले ते ड्रायव्हरने वर सांगायचं. आकडा वाढत चाललाय असं दिसलं की वरची चौकट ते पान ताज्या जागी हलवते. नववा बिट उलटला तर मात्र पान गेलं. सामाईक चौकटीबरोबर चाचण्याही आयत्या मिळतात. त्यांतली एक चाचणी फार चावट आहे. ती मुद्दाम एक बिट बिघडवते आणि ड्रायव्हरला विचारते, काही सापडलं का?

आमचा ड्रायव्हर म्हणाला, शून्य.

दोन बिट बिघडवले. शून्य. पाच बिघडवले. शून्य. आठ. शून्य. नऊ बिघडवले आणि डबा मेला.

काका पडद्यासमोर उभे होते. बोट पडद्यावर होतं पण हलत नव्हतं. "सहा वर्षं खाऱ्या वाऱ्यात राहिलेला डबा," ते हळू म्हणाले, "आणि म्हणतो मला काय झालेलं नाय." मग त्यांनी ड्रायव्हर उघडला आणि वाचायला लागले. उघडला, मिटला, उघडला. शेवटाला आले आणि थांबले. जिथे दुरुस्त केलेल्या बिटांचा आकडा परत द्यायचा तिथे सरळ शून्य लिहिलेलं होतं. आत काहीही घडो, बाहेर शून्य.

घराच्या खांबाला आतून वाळवी लागावी आणि वरून रंग मारत राहावं, तसं चाललेलं होतं ते.

कुठली ओळ कोणी, कधी घातली हे एका आज्ञेत कळतं. त्या आज्ञेचं नावच 'ब्लेम' आहे. काकांनी ती दिली. पडद्यावर ती ओळ आली, आणि तिच्यासमोर माझं नाव.

खरं सांगते, क्षणभर वाटलं दुसरी कोणी शुभांगी असेल. मग एकदम सगळं आठवलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी गिऱ्हाइकाला डबा दाखवायचा होता, आणि पडद्यावर सारख्या सूचना यायच्या: तीन बिट दुरुस्त केले, दोन बिट दुरुस्त केले. मालक ओरडले, "हे काय आजारी माणसासारखं कण्हतंय?" मी पटकन शून्य घातलं. तात्पुरतं. गिऱ्हाईक गेल्यावर काढायचं होतं. त्याच आठवड्यात मी ड्रायव्हरमधल्या मोकळ्या जागा आणि ओळींचे समास सरळ करायचा एक पॅच केला, आणि ते शून्य त्याच्यातच राहून गेलं. पॅचचं शीर्षक होतं, 'मोकळ्या जागा नीट केल्या'. चारशे ओळी हललेल्या, त्यांतल्या तीनशे नव्याण्णव नुसत्या इकडून तिकडे सरकलेल्या. आमच्या धंद्यात हे पाप समजतात: साफसफाईच्या पॅचमध्ये दुसरा कुठलाही बदल घालायचा नसतो, कारण साफसफाई कोणी नीट वाचत नाही.

खाली माझी सही होती. तिच्याखाली, वाचलं, तपासलं, दत्ताराम सुर्वे.

"काका," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी शून्य काढलं, खरा आकडा परत द्यायची ओळ घातली आणि दुरुस्तीला आलेला दुसरा डबा जोडला. पानं एकेक करून वाचली गेली. सहा. सात. सात. आठ. सात. तिसरा डबा. आठ. आठ. सहा.

मी स्टुलावर बसले. दोन-अडीचशे बोटींवर हे डबे होते. सगळेच शेवटच्या पायरीवर आलेले, आणि सगळेच ठणठणीत असल्याचं सांगत होते. एखाद्या बोटीचं इंजिन बंद पडेल, बोट चालवणारा तांडेल लाल बटण दाबेल, आणि डबा नुसता नारंगी बसून राहील.

"मागच्या साली तीन डबे मेले होते," काका म्हणाले. "आठवतात?"

आठवत होते. ते मीच उघडले होते, आणि अहवालात मीच लिहिलं होतं: पाणी शिरलं. तिन्ही बोटी सुखरूप परतल्या होत्या. बटण दाबायची वेळ कोणावर आली नव्हती. निव्वळ नशीब. त्यानंतर कितीतरी दिवस मला जेवताना त्या तीन बोटी दिसायच्या.

मोसम सुरू व्हायला पंधरा-सोळा दिवस होते. काकांनी उभ्यानेच एक लांबलचक ईमेल लिहून पाठवली आणि तसेच मालकांच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले. वाटेत मी मनात वाक्य तयार केलं होतं, साधंच: शेट, ते मी केलं. दारातून आत जाईपर्यंत ते वाक्य तोंडात होतं.

"शेट, डब्यात माझी चूक राहिली हाय," काका म्हणाले. "सगळे डबे बोटी सुटायच्या आत हातावेगळे करायला हवेत."

मी काकांकडे बघतच राहिले. इतका धक्का मला ते शून्य सापडलं तेव्हाही बसला नव्हता. आणि मग मी जे केलं ते लिहायला आजही हात आखडतो. मी गप्प राहिले. कायम झाल्याचं पत्र येऊन मला दोन महिने झाले होते. सावर्ड्याला सगळ्यांना पेढे वाटून झालेले होते. ते वाक्य तोंडातल्या तोंडात राहिलं.

मालकांनी आधी समजून घेतलं, मग ते पांढरे पडले, मग लाल. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "कोणाला सांगायची गरज नाही. येतील तसे डबे दुरुस्तीत बदलून टाकू. वर्षभरात होतील सगळे."

"वर्षभरात एखादी बोट गेली तर?"

"गेली नाही ना आजवर?"

"शेट, दुरुस्तीचा पॅच मी यादीवर पाठवला हाय. मघाशीच. काय चुकलं ते सगळं लिहून."

"जगाला सांगितलंत?"

"जगाचा पण तोच कंट्रोलर हाय. आणखी कोणी आपला ड्रायव्हर वापरत असेल, त्याला कळायला नको?"

मालक उठून उभे राहिले. "मग सुर्वे, हे डबे संपले की तुमचं इथलं काम संपलं." वीस वर्षं काम केलेल्या माणसाला एका वाक्यात काढलं. काकांनी मान हलवली आणि घड्याळ पाहिलं. साडेबारा व्हायला पाच मिनिटं होती.

"डबे संपेपर्यंत शुभांगी माझ्याबरोबर लागेल," एवढंच ते म्हणाले.

पुढचे दोन आठवडे आम्ही मिरकरवाड्याच्या जेटीवर काढले. वरून पाऊस, खाली चिखल, लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत. बोटीवर चढायचं, डबा उघडायचा, जुनी चिप काढून नवी बसवायची, नवा ड्रायव्हर घालायचा, खरा आकडा येतो का बघायचं, बटण दाबून किनाऱ्यावर निरोप आला का विचारायचं, उतरायचं. प्रत्येक बोटीवर कोणी ना कोणी विचारायचं, "काय झालं ओ डब्याला?"

आणि प्रत्येक बोटीवर काका तेच सांगायचे. "माझी चूक झाली होती. ती काढतोय."

काही जण हसायचे. काही जण शिव्या द्यायचे. एक म्हातारा तांडेल जाळं शिवता शिवता म्हणाला, "म्हणजे आम्ही इतकी वर्सं देवाच्या भरवशावर फिरत होतो?" "होय," काका म्हणाले. "माझ्या भरवशावर फिरत होता, तो भरवसा खोटा होता." म्हाताऱ्याने सुई बाजूला ठेवली आणि काकांकडे पाहिलं. मग पोराला म्हणाला, "ह्यांना चाय दे."

दिवसाला पंधरा-सोळा बोटी व्हायच्या. म्हणजे दिवसातून पंधरा-सोळा वेळा मी ते वाक्य ऐकायची. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता बोलावं. एकदा बोलायला तोंड उघडलंही, "काका, खरं म्हणजे..." तर ते खेकसले, "वायर धर. पाणी जातंय त्यात." मला वाटलं, हे मला वाचवतायत. दया करतायत. त्या कल्पनेने मला दिवसा रडू यायचं आणि त्याच कल्पनेने सुटल्यासारखंही वाटायचं. दोन्ही खरं आहे.

एकतीस जुलैला शेवटचा डबा झाला. काकांनी पिशवी झटकली, पकड आणि पेचकस माझ्या हातात दिले, "कारखान्याचे हायत," म्हणाले, आणि रिक्षा करून घरी गेले. निरोप नाही, समारंभ नाही. तेवीस पॅच पुढच्या महिन्यात कर्नलमध्ये गेले. त्यांच्यापुढे चोविसावा होता, त्या शून्याचा. त्यात नियमाप्रमाणे लिहिलेलं होतं की ही चूक कुठल्या जुन्या पॅचने आली, म्हणजे माझ्या. ज्याला वाचता येतं त्याला सगळं दिसत होतं. आमच्या कारखान्यात ते वाचता येणारी मी एकटीच उरले होते.

तीन आठवडे मी हे पोटात ठेवलं. मग एका सकाळी मालकांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. चूक माझी, शून्य माझं, काकांचं काही नाही. राजीनामा पर्समध्ये तयार होता. मालकांनी ऐकून घेतलं. खिडकीबाहेर पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "आता सुर्वे गेलेच आहेत. विषय संपलाय. नव्या डब्याचं कुठवर आलं?"

मी बाहेर आले ती सुन्न होऊन. इतकंच? मी तीन आठवडे ज्याला घाबरत होते ते इतकंच होतं?

त्याच रविवारी मी काकांकडे गेले, भाट्याच्या पुलापलीकडे. पुढच्या चैत्रात बाजारातून येताना वाटेतच त्यांचं हृदय बंद पडलं. म्हणजे ही आमची शेवटची नीट भेट. काका ओटीवर एक पंखा खोलून बसले होते. काकूंनी चहा ठेवला. मी न बसताच सांगून टाकलं की शेटना खरं सांगितलं, शेट काही बोलले नाहीत. आणि मग इतके दिवस साठलेलं बाहेर आलं. "काका, तुम्ही माझं नाव घेतलं नाही. माझ्यासाठी तुम्ही नोकरी घालवलीत. मी हे उपकार कसे फेडू?"

काकांनी पेचकस खाली ठेवला. मी त्यांना सहा वर्षांत इतकं रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"उपकार? तुला वाटलं मी तुझ्यासाठी खोटं बोललो?"

मी मान डोलावली.

"बाय, मी शेटना काय बोललो? चूक माझी. बोटीवर काय बोललो? चूक माझी. खोटं कधी बोललो सांग. तू एक ओळ चुकवलीस. नवीन होतीस, घाईत होतीस. त्यासाठीच तर खाली वाचणारा ठेवतात. मी तिथं नाव घालून दिलं, वाचलं म्हणून. सगळ्या जगाला लिहून दिलं." त्यांचा आवाज चिरकला. "मी वाचलंच नव्हतं."

सुर्वेकाकांनी वाचलं नव्हतं? रिकामी ओळसुद्धा न सोडणाऱ्या माणसाने?

"एक अक्षर वाचलं नाय. खोटं बोललो तो मी तेव्हा बोललो. वीस वर्षांत तेवढं एकदाच."

"पण का? का नाही वाचलंत?"

काकांनी पंख्याचं पातं उचललं, फडक्याने पुसलं, परत ठेवलं. आत काकूंचं भांडं वाजलं.

"तुझं होतं म्हणून," ते म्हणाले.

मी तिथेच पायरीवर बसले. चहा आला, निवला. जायला निघाले तेव्हा काका फाटकापर्यंत आले, आणि फाटकाची कडी हातात धरून म्हणाले, "आता तुझ्या हाताखाली माणसं येतील. जो चांगला असेल ना, त्याचं आधी वाच. वाईटाचं काय, सगळेच वाचतात."

मी हो म्हटलं. पुलावरून चालत आले. रिक्षा मिळत होत्या, तरी चालतच आले. आता माझ्या हाताखाली चार जण आहेत, चांगले आहेत. आणि अजूनही कोणी सहज बोलता बोलता म्हणालं की मॅडम, तुमचंच आहे ना, मग बघायचं काय त्यात, तर मी त्याला समोर बसवते आणि मोठ्याने वाचायला लावते.